डीपी जळते ती सौर प्रकल्पामुळे नाही

रब्बीची पाणीपाळी सुरू झाली की आपल्या मराठवाड्यातल्या गावोगावच्या व्हॉट्सअॅप गटांवर एक लांबलचक मजकूर फिरू लागतो. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं. सौर प्रकल्पाची वीज लाईनवर उलटी येते आणि डीपी, म्हणजे शिवारातला वीज ट्रान्सफॉर्मर, जाळते. इंग्लंडने ५० कोटी पौंड घालून हेच प्रयोग केले, ते फसले आणि गुंडाळले गेले. दिवसा एक दर आणि संध्याकाळी दुसरा, ही गरिबाची लूट आहे. खरा उपाय एकच, प्रत्येक डीपीची क्षमता दुप्पट करा. आणि शेवटी आवाहन: आपल्या शिवारात सौर प्रकल्प होऊ देऊ नका.

हे वाचून कुणी ग्रामसभेत हात वर करणार असेल, तर त्याआधी यातला एकेक मुद्दा तपासायलाच हवा. गायरानावर प्रकल्प आला तर जनावरं चरायची कुठे, हा प्रश्न या मजकुरात नाही. तो प्रश्न खरा आहे, वजनदार आहे, आणि गावाने तो जरूर लावून धरावा. पण डीपी जळण्याचं खापर त्यासाठी सूर्यावर फोडू नये, कारण मग खरं कारण तसंच राहतं आणि पुढच्या हंगामात डीपी पुन्हा जळते.

"सौर प्रकल्पामुळे डीपी जळतात"

आधी वीज कुठून कुठे जाते ते पाहू. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतले प्रकल्प ३३/११ केव्हीच्या, म्हणजे ३३ हजार व्होल्टची वीज ११ हजारांवर आणणाऱ्या, उपकेंद्राला जोडले जातात. वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावचा ३ मेगावॉटचा प्रकल्प घ्या. योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातला राज्यातला हा पहिला प्रकल्प, २०२४ मध्ये सुरू झाला. तिथे तयार झालेली वीज उपकेंद्रातून ११ केव्हीच्या शेती फीडरवर (शेतीसाठी निघणाऱ्या मुख्य लाईनवर) जाते, तिथून डीपीत, डीपीतून लघुदाब (कमी व्होल्टेजच्या) लाईनवर आणि मग मोटारीला. परळीच्या औष्णिक केंद्राची वीजही उपकेंद्रापासून पुढे याच वाटेने येते. डीपीवर भार पडतो तो तिच्याखाली चालणाऱ्या मोटारींचा. वरून आलेली वीज कोळशाची आहे की उन्हाची, याने तिच्या वाइंडिंगला, म्हणजे आतल्या तारेच्या वेटोळ्यांना, काडीचाही फरक पडत नाही. आणि 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतला पंप तर लाईनला जोडलेलाच नसतो. असा एक पंप बसला की डीपीवर चढणारी एक नवी मोटार टळते.

मग डीपी जळते कशाने? हिशेब कुणालाही करता येईल असा आहे. ५ एचपीची मोटार म्हणजे ३.७३ किलोवॉट. मोटारीची कार्यक्षमता ८० टक्के आणि पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा) ०.८ धरला, तर ती लाईनवरून सुमारे ५.८ केव्हीए (डीपीची क्षमता ज्यात मोजतात ते एकक) ओढते. म्हणजे १०० केव्हीएच्या डीपीवर अशा १७ मोटारी बसतात. आता त्या डीपीवर आकडे टाकून आणि न सांगता जोडून २२ मोटारी चालत असतील, तर भार १२८ केव्हीए होतो. वाइंडिंगमधली उष्णता विद्युतप्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे भार २८ टक्के वाढला तर उष्णता ६४ टक्के वाढली. मंजुरी ५ एचपीची आणि विहिरीवर मोटार ७.५ ची, हे तर शिवाराशिवारात आहे. त्यात डीपी थंड ठेवणारं तेल चोरीला गेलेलं किंवा गळालेलं असेल, तर ही उष्णता बाहेर जायला वाटच उरत नाही.

इथवर नुसत्या चालू मोटारींचा हिशेब झाला. थेट चालू होणारी मोटार सुरुवातीच्या काही क्षणांत नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. शेतकरी रात्री-अपरात्री विहिरीवर जाऊ शकत नाही म्हणून लाईट आली की मोटार आपोआप चालू करणारा ऑटोस्विच लावतो. त्याला दोष देता येत नाही, रात्रीच्या अंधारात साप-विंचवाची भीती काय असते ते ज्याने पाणी दिलंय त्यालाच ठाऊक. पण लाईट आली की डीपीखालच्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठतात. डीओ (डीपीवरचा फ्यूज) उडतो, व्होल्टेज कोसळतं, मोटारी अडखळतात, आणि अडखळलेली मोटार आणखी करंट ओढते. लाईनच्या शेवटच्या टोकाला असलेल्या शेतकऱ्याला हे सगळ्यात जास्त भोगावं लागतं. त्याची मोटार गरम होते, भरून आणायला हजारो रुपये लागतात, आणि तोवर हरभऱ्याचं पाणी हुकतं.

दिवसा भरवशाची वीज मिळाली तर या साखळीची पहिलीच कडी सैल होते. माणूस विहिरीवर स्वतः असतो, ऑटोस्विचची गरज उरत नाही, मोटारी मागेपुढे चालू होतात. आणि सौर प्रकल्प नेमकी दिवसाच वीज देतो.

त्या मजकुरात तथ्याचा एक अंश आहे, तोही सांगतो. छत्रपती संभाजीनगर किंवा लातूरच्या एखाद्या वसाहतीत एकाच गल्लीतल्या बऱ्याच घरांनी छतावर पॅनेल बसवले, दुपारी घरं बंद आहेत, आणि सगळे पॅनेल एकाच फेजवर (लाईनच्या तीन तारांपैकी एकीवर) आहेत, तर त्या फेजचं व्होल्टेज वर चढतं. मर्यादेबाहेर गेलं की पॅनेलची वीज लाईनजोगी करणारा इन्व्हर्टर स्वतःहून बंद पडतो आणि ग्राहकाची वीजनिर्मिती बुडते. शेती फीडरवरही पावसाळ्यात मोटारी बंद असतात तेव्हा प्रकल्पाची वीज उपकेंद्रातून वर जाते, आणि तिथलं व्होल्टेज सांभाळावं लागतं. ही अडचण खरी आहे. तिला उत्तरही आहे: फेज वाटून देणं, ट्रान्सफॉर्मरचा टॅप (बाहेर पडणारं व्होल्टेज कमी-जास्त करण्याची सोय) बदलणं, इन्व्हर्टरची सेटिंग नीट करणं. पण हे करायला त्या जागी व्होल्टेज किती आहे ते आधी मोजलेलं हवं. इंग्लंडच्या प्रयोगांचा विषय नेमका हाच होता.

"इंग्लंडने केले आणि गुंडाळले"

ब्रिटनच्या वीज नियामकाने, ऑफजेमने, २०१० ते २०१५ या पाच वर्षांसाठी वितरण कंपन्यांना प्रयोगांकरिता ५० कोटी पौंडांपर्यंतचा निधी ठेवला होता. मुदत पहिल्या दिवसापासून पाच वर्षांचीच होती. मुदत संपली म्हणून प्रयोग संपले, आणि अट अशी होती की निष्कर्ष सगळ्यांना खुले करायचे, फसलेले असले तरी. गुंडाळलं असं ज्याला म्हटलं जातं ते हे.

दक्षिण वेल्समध्ये आठशेहून अधिक छोट्या उपकेंद्रांवर, म्हणजे आपल्या भाषेत डीपींवर, मोजणी यंत्रं बसवली गेली. तोवर तिथल्या अभियंत्यांनाही आपल्या लघुदाब जाळ्यात दिवसभर काय चालतं ते अंदाजानेच माहीत होतं. मोजल्यावर दिसलं की व्होल्टेज बहुतेक ठिकाणी मर्यादेच्या वरच्या अंगाला आहे. म्हणजे ते थोडं खाली आणायला वाव होता. तसं केलं की घरांच्या छतावरच्या सौर विजेसाठी त्याच तारांवर जागा होते, नवी तार न ओढता.

वायव्य इंग्लंडमध्ये ६० मोठ्या उपकेंद्रांवर व्होल्टेज मुद्दाम थोडं खालीवर करून पाहिलं. त्या उपकेंद्रांवर सुमारे ४ लाख ८५ हजार ग्राहक होते, आणि त्यांना बदल जाणवला नाही. स्कॉटलंडच्या ऑर्कने बेटांवरचा प्रयोग या निधीच्याही आधीचा, २००९ चा. तिथे पवनचक्क्या जास्त आणि मुख्य भूमीकडे जाणारी केबल अपुरी होती. नवी केबल टाकण्याऐवजी अशी व्यवस्था केली की केबल भरली की ठरलेल्या क्रमाने काही पवनचक्क्यांनी आपली निर्मिती कमी करायची. सुमारे ३ कोटी पौंडांची केबल टळली. पुढे केंब्रिजशायरमध्ये याच धर्तीवर नव्या प्रकल्पांना स्वस्तात आणि लवकर जोडणी देऊन पाहिली गेली, आणि आज तिकडच्या कंपन्या अशी जोडणी नेहमीच्या कामात देतात.

जे अपेक्षेप्रमाणे झालं नाही तेही नोंदलेलं आहे. लेटन बझर्ड गावात २०१४ च्या अखेरीस ६ मेगावॉट आणि १० मेगावॉट-तासांची बॅटरी उभी राहिली. प्रकल्प १ कोटी ८७ लाख पौंडांचा होता. नुसती तार वाचवायची म्हणून बॅटरी बसवली तर पैसे वसूल होत नाहीत, तिला ग्रिडची आणखी कामंही करावी लागतात, हे त्यातून कळलं. आपल्याकडे उद्या कुणी प्रत्येक उपकेंद्रावर बॅटरी हाच उपाय असं सांगत आलं, तर त्याला हा निष्कर्ष दाखवता येईल. फसलेल्या प्रयोगाची अशी उघड नोंद आपल्याकडेही राहिली असती तर किती पैसा वाचला असता, असं मला मनापासून वाटतं.

"वेळेनुसार दर ही लूट आहे"

२०१३ मध्ये लंडनमध्ये हजाराहून अधिक घरांवर असा दर वर्षभर लावून पाहिला. महाग वेळेत युनिटला ६७.२ पेन्स, स्वस्त वेळेत ३.९९ आणि एरवी ११.७६. कोणत्या वेळी कोणता दर लागणार ते आदल्या दिवशी कळवलं जायचं. महाग वेळेत लोकांनी वापर कमी केला, आणि बहुतेकांचं बिल साध्या दरापेक्षा कमी आलं. हे लोक स्वखुशीने सामील झालेले होते, हेही ध्यानात ठेवायला हवं. ज्याला काही सांगितलंच नाही त्याच्यावर असा दर लादला, तर तोच निकाल येईल असं धरून चालता येणार नाही.

महाराष्ट्रात घरगुती ग्राहकाला जुलै २०२५ पासून जी गोष्ट जाहीर झाली ती सवलतीची: स्मार्ट मीटर असेल तर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांच्या आसपास सूट. पाण्याची टाकी दुपारी भरणाऱ्याला, दुपारी गिरणी किंवा इस्त्री चालवणाऱ्या घराला ती मिळते. मीटर प्रीपेड होईल का, रीडिंग बरोबर येतंय का, हे लोकांचे प्रश्न रास्त आहेत, त्यांची उत्तरं कार्यालयाने लेखी द्यावीत. दराच्या वेळेशी त्यांचा संबंध नाही.

शेतीपंपाला मात्र हा इलाज लागूच पडत नाही, आणि इथे लंडनचा धडा जसाच्या तसा उचलणाऱ्यांशीही माझं पटत नाही. एप्रिल २०२४ पासून ७.५ एचपीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत आहे. ज्याचं बिलच शून्य, त्याला दर कमी-जास्त करून काय फरक पडणार? कितीतरी पंपांना तर मीटरही नाही, आकारणी एचपीवर व्हायची. शेतीत किती वीज गेली हे म्हणून अंदाजानेच काढलं जातं. डीपीवर किती भार आहे हे लाईनमनला पाठ असतं, पण कागदावर नसतं.

"डीपीची क्षमता दुप्पट करा"

काही ठिकाणी ती वाढवावीच लागेल. वर दिलेल्या हिशेबात २२ मोटारींना १०० केव्हीए अपुराच आहे. पण सरसकट दुप्पट केल्याने टोकाच्या शेतकऱ्याचं दुखणं जात नाही. त्याचं व्होल्टेज पडतं ते लांबच लांब, बारीक लघुदाब तारेत. डीपी १०० ची २०० केली तरी तार तीच राहते, आणि क्षमता वाढली म्हणून तिच्यावर आणखी मोटारी चढतात. म्हणूनच उच्चदाब वितरण प्रणालीत ११ केव्हीची तार शेतापर्यंत नेऊन एका-दोन शेतकऱ्यांमागे छोटा ट्रान्सफॉर्मर देण्याची पद्धत आली. ती चांगली आहे, पण महाग आहे.

इथे इंग्लंडचा आणखी एक प्रयोग मला आपल्यासाठी सगळ्यात मोलाचा वाटतो. 'माय इलेक्ट्रिक अॅव्हेन्यू' या नावाने २०१५ पर्यंत चाललेल्या या प्रयोगात एकाच डीपीवरच्या शेजाऱ्यांना विजेवरच्या गाड्या दिल्या. सगळे कामावरून परत आले की गाड्या एकदमच चार्जिंगला लागणार, आपल्या मोटारी उठतात तशाच. ४० ते ७० टक्के घरांत अशा गाड्या आल्या तर तिथल्या सुमारे ३२ टक्के लघुदाब लाईनींवर काहीतरी करावं लागेल, असा अंदाज निघाला. मग एक साधं नियंत्रण लावून पाहिलं: लाईनवर भार वाढला की काही गाड्यांचं चार्जिंग थोडा वेळ थांबायचं, नंतर दुसऱ्यांचं. गाडी सकाळपर्यंत भरलेली असली की मधल्या थांब्याचं लोकांना फारसं काही वाटलं नाही.

जायकवाडीच्या कालव्यावर पाण्याची पाळी ठरवायला आपल्याला कुणी शिकवलं नाही. विजेची पाळीही अनेक डीपींवर शेतकरी आपसात लावतातच: वरच्या अंगाच्या मोटारी सकाळी, खालच्या दुपारी. विहिरीला पाणी अर्धा दिवसच पुरतं, म्हणून तिथे हे सहज जमतं. अडचण येते ती रात्रीच्या पाळीत, कारण रात्री कुणी समोर नसतं आणि सगळं ऑटोस्विचवर सोडलेलं असतं. दिवसा आठ तास वीज मिळाली आणि चार-चार तासांच्या दोन पाळ्या लावल्या, तर २२ मोटारींची तीच डीपी एका वेळी ११ मोटारी चालवेल. म्हणजे ६४ केव्हीए. प्रत्येक मोटारीला कॅपॅसिटर लावून पॉवर फॅक्टर ०.९५ वर नेला, तर ५४.

हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या डीपीचे वेगळे निघतील. म्हणून ग्रामसभेत ठराव करायचाच असेल तर तो असा करा: आमच्या शेती फीडरवरच्या प्रत्येक डीपीला मीटर लावा, तिन्ही फेजचा भार आणि टोकाचं व्होल्टेज रब्बीत दर पंधरवड्याला मोजून ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहा, फेज वाटून द्या, सौर प्रकल्प आमच्या उपकेंद्राला जोडणार असाल तर या फीडरला दिवसा किती तास वीज देणार ते लेखी द्या, आणि गायरान देण्याआधी चराईसाठी किती जमीन राखणार ते नकाशावर दाखवा. खासगी जमिनीला दर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं ठरलेलं असताना सरकारी जमीन नाममात्र भाड्याने प्रकल्पाला जाते, तेव्हा गावाला एवढं विचारण्याचा हक्क आहेच.