अ‍ॅपमधला आकडा आणि आपल्या गावची पहाट

थंडी पडली की ग्रुपवर हवामानाच्या अ‍ॅपचे स्क्रीनशॉट सुरू होतात. 'उद्या पहाटे ९ अंश!' अहो, पण कुणाच्या अंगणात? अ‍ॅपमधला आकडा येतो मॉडेलमधून, म्हणजे संगणकावर हवामानाचा हिशोब करणाऱ्या प्रणालीतून; युरोपीय हवामान केंद्राचं मुख्य मॉडेल साधारण ९ किलोमीटरच्या चौकटीत हिशोब करतं, अमेरिकेचं जीएफएस १३ च्या आसपास. टेकडी, ओढा, वस्ती, रान, सगळ्यांना मिळून एकच आकडा. ढगाळ किंवा वाऱ्याच्या रात्री तो चालून जातो. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला, की थंड, जड हवा उतारावरून ओघळून खोलगट भागात साचते. मग टेकडी आणि ओढाकाठ यांत ४-५ अंशांचा फरक सहज पडतो.

त्यामुळे स्थानिक अंदाज म्हणजे मॉडेलच्या आकड्याची दुरुस्ती, आणि तीही रात्र बघून करायची. 'सरसकट दोन अंश वजा करा' हा सल्ला मला मुळीच पटत नाही. ढगाळ रात्री तो हमखास तोंडावर पाडतो.

आधी तापमापक नीट लावा. जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंच, झडपांच्या पांढऱ्या पेटीत, खाली गवत. गच्चीवर किंवा भिंतीला टेकवून नको, तापलेलं काँक्रीट रात्रभर ऊब सोडत राहतं. लावण्याआधी भांडंभर बर्फाच्या चुऱ्यात थोडं पाणी घालून ढवळत राहा. तापमापकाचं टोक भांड्याला न टेकवता त्यात बुडवलं, तर काही मिनिटांत शून्य दिसायला हवं. एकच तापमापक असेल तर तो सर्वांत सखल जागी लावावा. पिकाला फटका आधी तिथेच बसतो.

संध्याकाळी बघायचा तो दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला दव पडू लागतं ते. सोपा हिशोब असा: आर्द्रता १०० टक्क्यांपेक्षा जितकी कमी, त्या फरकाला ५ ने भागा आणि तेवढे अंश तापमानातून वजा करा. २० अंश आणि ६० टक्के असेल, तर दवबिंदू १२ च्या जवळपास. (आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली गेली की हा हिशोब बिघडतो.) पारा तिथवर भराभर उतरतो, मग दव पडू लागतं, वाफेचं पाणी होताना उष्णता सुटते आणि उतार मंदावतो. हवा कोरडी असेल तर हा अडसर फार खाली असतो, म्हणून कोरड्या हवेची रात्र जास्त गारठवते.

वहीत रोज पाच गोष्टी लिहा: तारीख, मॉडेलचं किमान, आपलं किमान, आभाळ, वारा. निरभ्र-शांत रात्री वेगळ्या काढा. अशा पंचवीस-तीस रात्रींच्या फरकाची सरासरी हीच तुमची दुरुस्ती. ढगाळ रात्रींची सरासरी निराळी ठेवा. मॉडेल बदललं की जुनी सरासरी बाद, पुन्हा नव्याने सुरुवात.

आणखी एक, गवताचं पातं पेटीतल्या हवेपेक्षा जास्त गार होतं. पेटीत ३ अंश असताना पात्यावर गोठलेलं दहिवर दिसू शकतं. 'शून्याखाली गेलंच नाही' म्हणत भाजीचं रोप उघडं ठेवलं, की सकाळी ते काळवंडलेलं सापडतं.

अंदाज देताना एकच आकडा देऊ नका, अट घालून द्या: 'आभाळ मोकळं राहिलं तर सखल भागात ५ ते ७; मध्यरात्रीनंतर ढग किंवा वारा आला तर ९ ते ११.' कारण पहाटे तीनला वारा सुटला, तर वरची उबदार हवा खाली मिसळते आणि पारा चक्क चढतो.