तांबी काळजात चढते म्हणे!

रविवारी सकाळीच भाचीचा फोन. कापूस वेचायला निघाली होती. "मावशी, तांबी काढून टाकू का वं? ते वर चढून काळजात रुतते म्हणते. ग्रुपवर आलं." पदरात दहा महिन्यांचं लेकरू, तांबी, म्हणजे पाळणा लांबवायची कॉपर-टी, बसवून जेमतेम आठ महिने. मी उपकेंद्रात तीस वर्षं नर्स होते, किती तांब्या बसवल्या त्याचा हिशेब नाही. आणि घरच्याच पोरीला मोबाइल खरा वाटावा!

मेसेज मागवून घेतला. वर 'बहिणींनो सावधान', मधे एकाखाली एक दावे, खाली हात जोडलेले.

तर पहिली गोष्ट, गर्भपिशवीतून काळजाकडे जायला वाटच नाही. तांबी म्हणजे साडेतीन सेंटिमीटरचा प्लास्टिकचा टी, त्याला तांब्याची तार. ती रक्तात तरंगत नाही. सरकलीच तर खाली सरकते, बाहेर पडते; तिचा दोरा तपासायला सांगतो तो त्याचसाठी. बसवताना पिशवीला छिद्र पडून ती पोटात जाण्याचा प्रकार हजारात एखादीच्या बाबतीत होतो. तेव्हाही ती पोटातच सापडते, छातीत नाही. हो, पहिले तीन-चार महिने पाळीला रक्त जास्त जातं, पोट दुखतं, हे मान्य. भाचीचं हिमोग्लोबिन नऊ, म्हणजे तिला ते जाणवणारच. त्यावर लोहाच्या गोळ्या घ्यायच्या. अगदीच सोसवत नसेल तर आधी दुसरं साधन ठरवायचं, मग तांबी काढायची. घाबरून आधी काढली की दोन महिन्यांतही पुन्हा दिवस राहू शकतात. अशा बाया मी पाहिल्या आहेत.

'अंतरा इंजेक्शननं बाई कायमची वांझ होते.' अंतरा म्हणजे पाळणा लांबवायचं इंजेक्शन. त्यानं तसं होत नाही. शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात, एवढंच त्यातलं खरं.

'वजन उतरवायचं इंजेक्शन घेतलं की पाळणाही लांबतो.' आमच्या गावात ते कोण घेतं कोण जाणे, पण तालुक्याला घेणाऱ्या निघतील, म्हणून सांगते. हे नेमकं उलटं आहे. वजन उतरलं की अडलेली पाळी सुरू होऊन दिवस राहू शकतात. त्यातलं तिर्झेपटाइड तर पोटातून घ्यायच्या गर्भनिरोधक गोळीचा असर कमी करू शकतं. ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी 2025 च्या जूनमध्ये बजावलं, की हे इंजेक्शन सुरू केल्यावर चार आठवडे आणि दर वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे गोळीसोबत निरोधही वापरा.

'नसबंदीनं पुरुषाची ताकद जाते.' 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या लग्न झालेल्या जोडप्यांत ऑपरेशन बाईचं 37.9 टक्के, पुरुषाचं 0.3. ऑपरेशन केलेल्या बाया निंदण-वेचणी करतातच की. मग बाप्याचीच ताकद कशी जाते?

आणि शेवटी, बहिणींच्या मेसेजात, हे: 'मोहाची दारू नैसर्गिक असते, रोज कपभर घेतली तर काळजाला बरी.' मोहफूल नैसर्गिक आहेच, भाजून खा, लाडू करा. भट्टीवर उतरवली की त्यात विलायतीतलंच अल्कोहोल. कपात ते किती, हे भट्टीवाल्यालाही ठाऊक नसतं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत, नक्की कर्करोग करणाऱ्यांच्या पहिल्या गटात, दारू 1988 पासून तंबाखूच्या पंगतीला आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 च्या जानेवारीत सांगून टाकलं, की सुरक्षित असं प्रमाणच नाही. गडचिरोलीत 1993 साली दारूबंदी झाली, त्यासाठी बाया काय हौसेनं रस्त्यावर उतरल्या होत्या?

भाचीला म्हटलं, बुधवारी उपकेंद्रात जा, दोरा पाहून घे. मग विचारलं, ग्रुपवर टाकलं कोणी?

"यायनंच," ती म्हणाली. जावईबापू मोहाची घेतात.