सॅक्सवर म्हणे मींड येत नाही!

पुण्यातल्या हौशी वाजवणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. सॅक्सोफोनचा टोन सुधारण्याची ‘कोणी न सांगितलेली गुपितं’ त्यात आहेत. लिहिणाऱ्याचा पत्ता नाही, आत्मविश्वास मात्र दांडगा. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: टोन माउथपीसमध्ये (तोंडात धरायच्या टोकात) असतो, तेव्हा आधी भारी माउथपीस घ्या. रीड, म्हणजे माउथपीसवर बसवलेली पातळ पट्टी, जितकी कडक तितका आवाज भरदार. सॅक्स हार्मोनियमसारखं चाव्यांचं वाद्य, त्यामुळे त्यावर खरी मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं) येत नाही, आणि जी थोडीफार येते ती जबड्याने रीड दाबून-सोडून. शेवटी, ट्यूनरवर (सूर मोजणाऱ्या यंत्रावर) प्रत्येक स्वराला हिरवा दिवा लागला की सूर पक्का.

प्रत्येक दाव्यात चिमूटभर खरं आहे, म्हणून तर तो पुढे ढकलला जातो. पण नवशिक्याने हे सगळं मनावर घेतलं तर त्याचा खिसाही रिकामा होईल आणि ओठही सोलून निघेल.

माउथपीसपासून सुरू करू. माउथपीस बदललं की आवाज बदलतो, हे कबूल. टोकाशी रीड आणि माउथपीसमधली फट किती, आतली पोकळी केवढी, वरच्या भिंतीचा उतार कसा, याने फरक पडतोच. पण तो आतल्या आकाराचा फरक. धातूचं की एबोनाइटचं, हा प्रश्न त्यामानाने दुय्यम. यामाहाच्या वाद्याबरोबर येणारं साधं ४सी माउथपीस सुरुवातीची काही वर्षं आरामात पुरतं. ज्याचा मधल्या सप्तकातला लांब स्वर दहा सेकंद डगमगल्याशिवाय टिकत नाही, त्याच्या हातात पंधरा हजारांचं माउथपीस दिलं तर तोच डगमगता स्वर जास्त मोठ्याने ऐकू येईल.

कडक रीडबद्दल फार बोलण्यासारखं नाही. एका कंपनीची अडीच नंबरची रीड दुसरीच्या तीनसारखी लागू शकते, म्हणजे नंबर ही काही मानाची पदवी नव्हे. फट मोठी आणि रीडही कडक असली तर आवाज भरदार होण्याऐवजी त्यात नुसती हवा फुसफुसते, माणूस ओठ आवळतो आणि स्वर वाकवायला जागाच उरत नाही. एप्रिलच्या कोरड्या हवेत रीडच्या टोकाला लाटा येतात. ती दोन मिनिटं पाण्यात ठेवा, रीड बदलण्याच्या आधी एवढं करून बघा.

आता खरा मुद्दा, मींड. हार्मोनियममध्ये प्रत्येक चावीला स्वतःची पितळी पट्टी असते आणि तिचा सूर कारखान्यातच ठरलेला असतो, म्हणून तिथे मींड नाही. सॅक्समध्ये रीड एकच. सूर ठरतो तो नळीतली हवा, रीड आणि वाजवणाऱ्याचं तोंड या तिघांच्या ओढाताणीत. चाव्या फक्त नळीची लांबी ठरवतात. आडॉल्फ सॅक्सने १८४६ साली पेटंट घेतलं तेव्हापासून रचना मुळात हीच आहे. ड्यूक एलिंग्टनच्या जॅझ वाद्यवृंदातला जॉनी हॉजेस साध्या ऑल्टो सॅक्सवर एका स्वरातून दुसऱ्यात असा ओघळत जायचा की मधली पायरी सापडू नये. आपल्याकडे कद्री गोपालनाथ. नादस्वरम वाजवणाऱ्या घरातला माणूस. म्हैसूरच्या राजवाड्यातल्या बँडमध्ये सॅक्सोफोन ऐकून त्याच्या नादी लागला, वाद्यात आपल्या सोयीचे बदल करून घेतले आणि कर्नाटक संगीतातली गमकं (स्वरांची आंदोलनं आणि घसरणी) त्यावर आणली. २००४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ज्या वाद्यावर गमक येतं त्यावर मींड येत नाही, असं म्हणणाऱ्याने त्यांचं पाच मिनिटं ऐकायला हवं होतं. हिंदी चित्रपटगीतांतला मनोहारी सिंग यांचा सॅक्स तर मेसेज लिहिणाऱ्यानेही नक्की ऐकला असेल.

मेसेजची एक बाजू मात्र खरी आहे. खर्जात मींड फारशी हलत नाही. सगळी भोकं झाकलेली असतात तेव्हा लांब नळीचे अनेक उपस्वर एकमेकांना धरून मूळ स्वराला घट्ट बांधून ठेवतात, तिथे अर्धा स्वर ओढणंही जिवावर येतं. वर जाल तशी ही पकड सुटत जाते, आणि तळहाताने दाबायच्या चाव्यांवरच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या, स्वरांना सरावलेला वादक दोन-तीन स्वर सहज खाली आणतो. दुसरी गोष्ट, स्वर खाली वाकतो, वर जवळजवळ वाकत नाही. मग चढती मींड कशी घ्यायची? वरचा स्वर बोटांनी आधीच धरायचा, तोंडाने तो खाली ओढून ठेवायचा आणि मग हळूहळू मोकळा सोडायचा. वरच्या सप्तकात ‘बी’ हा पाश्चात्त्य स्वर धरून सूर त्याखालच्या ‘ए’वर आणा आणि तिथून सोडत वर या. ऐकणाऱ्याला ‘ए’पासून ‘बी’पर्यंत चढलेली अखंड मींड ऐकू येते, बोटं मात्र जागची हललेली नसतात. काही ठिकाणी चावी सावकाश उचलूनही मदत घेता येते, पण नुसत्या बोटांची घसीट करकरीत लागते.

आणि हे जबड्याने होत नाही. या एका दाव्याने सगळ्यात जास्त नुकसान केलंय. जबड्याने रीड चावली की फट मिटते, आवाज बारीक होतो, वरचे स्वर चढतात आणि खालच्या ओठाच्या आत दातांची रांग उमटते. सूर चढला म्हणून माणूस माउथपीस बाहेर ओढतो. त्याने आखूड नळीचे स्वर जास्त उतरतात आणि लांब नळीचे कमी, म्हणजे आता दोन सप्तकांचं आपसात जमत नाही. मग पुन्हा दोष माउथपीसला, आणि गाडी पहिल्या दाव्यावर परत.

खाली ओढायला जबडा सैल सोडला तरी तेच. सूर उतरतो, पण टोनही ढासळतो. काम करायला हवं ते जिभेच्या मागच्या भागाने आणि गळ्याने. शिट्टी वाजवताना ‘सा’वरून खालच्या ‘प’वर येताना ओठ फारसे हलत नाहीत, आत जीभ सरकते, हे तसंच. २००८ साली सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या संशोधकांनी वाद्य वाजत असताना वादकांच्या तोंडातला अनुनाद मोजला. अतितारातले (वाद्याच्या नेहमीच्या पल्ल्यापलीकडचे) स्वर काढताना कसलेले वादक तो अनुनाद वाजणाऱ्या स्वराजवळ नेत होते, हौशी वादकांना ते जमत नव्हतं आणि ते स्वरही निघत नव्हते. पुढच्या मोजणीत स्वर वाकवतानाही हेच दिसलं. नेहमीच्या पल्ल्यातल्या साध्या वादनात मात्र असं काही ठरावीक आढळलं नाही. म्हणजे ‘गळा उघडा ठेवा’ हा सरसकट सल्लाही अर्धवटच.

करून बघायचं असेल तर नेक (माउथपीस ज्यावर बसतं ती वाकडी नळी) काढून ठेवा आणि नुसतं माउथपीस वाजवा. ऑल्टोवर तो आवाज हार्मोनियमच्या वरच्या पांढरी सहाच्या, म्हणजे ८८० हर्ट्झच्या आसपास यायला हवा. बराच वर गेला तर तुम्ही चावताय. (जॅझवाले मुद्दाम थोडा खाली ठेवतात, तो भाग वेगळा.) आता आरशासमोर उभे राहा, हनुवटीवर बोट टेकवा आणि बोट न हलता सूर खाली आणा. मनात ‘ई’पासून ‘ओ’कडे जा. पहिल्या दिवशी जेमतेम अर्धा स्वर उतरेल आणि मग आवाज फाटेल. फाटतो तिथेच थांबून पुन्हा. चार-पाच स्वर उतरायला लागले की नेक आणि वाद्य जोडा, सगळ्यात खालचा बी फ्लॅट धरा आणि बोटं न हलवता त्यातून वरचे उपस्वर काढा: आधी सप्तक, मग त्यावरचा पंचम, मग दुसरं सप्तक. तोच स्वर नेहमीच्या बोटांनी वाजवून दोन्हींचा रंग जुळतो का ते ऐका. भरदार टोन इथे तयार होतो आणि मींडही इथेच. सदाशिव पेठेतल्या फ्लॅटमध्ये हे करणार असाल तर खिडक्या लावून घ्या, कारण नुसत्या माउथपीसचा आवाज शेजाऱ्यांना अडकित्त्यात सापडलेल्या कोंबडीचा वाटू शकतो. त्यावर उपाय म्हणून तळजाई टेकडीवर जाणारे पुष्कळ आहेत, पण उघड्यावर आवाज परतून येत नाही, मग माणूस नकळत जोर लावतो आणि पुन्हा चावायला लागतो. टेकडीवर ताना घ्या, टोनचं काम भिंतींच्या आत करा.

वरातीतल्या बँडवाल्यांकडेही जरा नीट बघा. ट्रॅफिकच्या गोंगाटात, चालत चालत, घामाघूम होऊन एखादा जुना वादक कोमल निषादावर असा सरकतो की पाय थबकतात. त्या क्षणी त्याची हनुवटी स्थिर असते, हलत असतो तो कंठमणी.

राहिला ट्यूनर. तो बाराही स्वर समान अंतरावर मोजतो, आणि लगतच्या दोन स्वरांमधल्या अंतराचे शंभर भाग म्हणजे सेंट. त्याचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर, आणि तानपुऱ्यात ऐकू येणारा ३८६ वर. तानपुरा लावून हिरव्या दिव्याचा गंधार वाजवाल तर तो चढाच लागेल. दरबारी रागातल्या गंधाराचं तर विचारूच नका, तो कोमलाच्याही खाली झुलत असतो आणि ट्यूनर त्याला बेसूर ठरवून मोकळा होतो. ट्यूनर वापरावा तो षड्ज लावायला; ऑल्टोवर सी धरलात तर तो काळी दोन लागतो. बाकीचे स्वर तानपुऱ्याशी, आणि वाजवण्याआधी एकदा गाऊन.

षड्ज लावतानाही घाई नको. नळीतल्या हवेचं तापमान एका अंशाने बदललं की सूर साधारण ३ सेंट सरकतो. डिसेंबरातल्या सकाळी दहा-बारा अंशांत वाद्य पेटीतून काढलं की ते उतरलेलंच असणार. आधी पाच मिनिटं नुसती गरम फुंकर घाला, मग माउथपीस आत-बाहेर करा.