फूड गुड, स्टाफ रूड

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार आहे. घाईत असाल तर फोटो बघून लाईक करा आणि पुढे व्हा. (फोटो नाहीयेत. खायच्या नादात काढायचेच राहिले.)

आम्ही सहा जण आज फ्लशिंगला गेलो होतो. क्वीन्समध्ये, सात नंबरच्या गाडीचं शेवटचं स्टेशन. डंपलिंग (पिठाच्या पारीत सारण भरलेले चिनी मोमोच म्हणा) खायला माझ्या मते अख्ख्या न्यूयॉर्कमध्ये याहून चांगली जागा नाही. तिथलं एक साधंसं दुकान आहे, आठ टेबलं, भिंतीवर पिवळ्या कागदावर चिनीत लिहिलेले भाव, काउंटरवर नंबर घ्यायचा, हाक आली की ताट आपणच उचलायचं. खाल्लं. पोटभर खाल्लं. कुणी काही मागे ठेवलं नाही, वाटीतला काळा व्हिनेगरसुद्धा चाटूनपुसून संपवला. आणि परतीच्या गाडीत आमच्यातल्या एकाने (नाव घेत नाही, वाचेल तेव्हा त्याला कळेलच) मोबाईल काढून एक स्टार दिला. 'फूड गुड, स्टाफ रूड.'

का? तर काउंटरवरच्या माणसाने ४७ नंबर तीनदा ओरडून पुकारला आणि तिसऱ्यांदा ट्रे आपटला. हे साहेब कानात इअरफोन घालून बसले होते. आणि मग 'शेजवान चटणी आहे का' विचारल्यावर त्याने नुसतं लाल तेलाच्या बरणीकडे बोट दाखवलं. हसला नाही म्हणे.

अरे, तू पुण्याचा ना? दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवणाऱ्यांचं कौतुक करण्यात तुझी हयात गेली. खडूस दुकानदाराची पाटी फॉरवर्ड करतोस तेव्हा तो बाणेदारपणा, आणि चिनी माणूस दोन शब्द कमी बोलला की रूड?

आता माझी गोष्ट. काही जणांनी ऐकली असेल, पुन्हा ऐका.

जानेवारी २००८. मला इथे येऊन पाच महिने झाले होते. खिशात मोजून पैसे, पायात देशातून आणलेले कॅनव्हासचे बूट, मॅनहॅटनच्या चायनाटाऊनमध्ये बोचरी थंडी. तेव्हा तिथे एका डॉलरला पाच डंपलिंग मिळायची. तव्यावर एका बाजूने खरपूस भाजलेली. मी गळ्यात तुळशीची माळ घातलेली सोलापूरकडची मुलगी, मांस-मच्छी काही नाही. एका ताटलीतल्या डंपलिंगमधून हिरवं हिरवं दिसत होतं. भाजीचीच असणार म्हणून डॉलर दिला, ताटली हातात घेतली, आणि काउंटरमागच्या बाईने ती हिसकावून घेतली. अक्षरशः हिसकावली. मोठ्याने काहीतरी ओरडली, डॉलर माझ्या हातात कोंबला आणि रस्त्यापलीकडे बोट दाखवलं. मागच्या रांगेतले लोक बघत होते. मी डोळे पुसत बाहेर. रात्री कॉलिंग कार्डवरून आईला सांगितलं, चिनी बाईने मला हाकललं म्हणून.

म्हणजे रिव्ह्यू द्यायची सोय माझ्याकडे तेव्हा असती तर मीही एकच स्टार दिला असता. हे कबूल करते.

बरं, बाकीचंही कबूल करून टाकते. टेबल चिकट होतं. कार्ड चालत नाही, रोखच लागते. बाथरूमबद्दल न बोललेलं बरं. आणि माणूस बघून वागणारे लोक त्यांच्यातही असतात, आपल्यात असतात तसेच. झालं?

पण त्याला भावही जास्त वाटला! डझनाला साडेदहा डॉलर. 'चायनीज आहे, स्वस्त असायला पाहिजे.' का रे असायला पाहिजे? काउंटरच्या मागे, काचेपलीकडे, तीन बायका बसल्या होत्या. एक जण पिठाची लांब वळी करून तिचे सुपारीएवढे तुकडे पाडत होती. दुसरी बोटाएवढ्या जाडीच्या, मुठी नसलेल्या लाटण्याने एका हाताने लाटत होती आणि दुसऱ्या हाताने पारी फिरवत होती. कड पातळ, मध्यभाग जाड, म्हणजे सारणाच्या ओझ्याने बुडाशी फाटायला नको. तिसरी सारण भरून दोन्ही हातांच्या अंगठ्यांमध्ये एकदाच दाबायची. तेवढ्यात मिटलं! मी मोजलं, मिनिटाला आठ तरी होत होती. गणपतीत याच गृहस्थाने एकवीस फ्रोजन उकडीचे मोदक साठ डॉलरला घेतले आणि स्टेटसला टाकले. तिथे 'हाताची कला' होती.

आणि इतिहास काढायचाच तर काढते, राग आलाच आहे. या देशाने १८८२ साली कायदा करून चिनी मजुरांना दार बंद केलं. ते १९४३ साली किलकिलं झालं, वर्षाला १०५ माणसांपुरतं. आपल्या लोकांना १९४६ साली मिळाली वर्षाला १०० जागांची मेहरबानी. दार खरं उघडलं ते १९६५ च्या कायद्याने, दोघांनाही एकदमच. म्हणजे त्याच रांगेत आपण त्यांच्यामागे उभे होतो. आता आपल्याला त्यांनी हसून वाढायला हवंय.

असो. चहा करून आले. जरा शांत झालेय.

तर त्या बाईचं. मला कळायला चार महिने लागले. लॅबमधल्या चिनी मैत्रिणीला मी रागारागाने ही गोष्ट सांगितली, तर ती हसायलाच लागली. म्हणाली, गळ्यात काय होतं तुझ्या? मण्यांची माळ? मग तिला वाटलं असणार तू बुद्धाची भक्त आहेस. ते हिरवं म्हणजे लसणीच्या वासाची एक पात, आणि तिच्यासोबत डुकराचं मांस. कडक व्रत पाळणारे बौद्ध मांस तर नाहीच, कांदा, लसूण आणि ती पातही खात नाहीत. तिच्या दुकानात तुझ्यासाठी काहीच नव्हतं गं. आणि तुला पलीकडे कुठे पाठवलं?

टोफूच्या दुकानात. ते सांगायचं राहिलंच. मी डोळे पुसत पलीकडे गेले होते, कारण थंडीत उभं राहायला दुसरी जागा नव्हती. तिथे त्याच एका डॉलरला गरम, लुसलुशीत टोफू मिळाला, वर साखरेचा पाक. जिभेवर ठेवला की विरघळायचा, खरवसाच्या चुलत बहिणीसारखा. दोन्ही हातांनी तो डबा धरून मी उभी होते आणि मनात त्या बाईला शिव्या घालत होते.

आमच्या संतांनी विठ्ठलाला बौद्ध अवतार म्हटलंय, हे त्या बाईला कुठून माहीत असणार. पण तिचा नेम काही अगदीच चुकला नव्हता.

पुढे सांगायला गेले तर ते दुकान तिथे नव्हतं. माळही आता गळ्यात नाही, देव्हाऱ्यात आहे, आणि आज मी काय काय खाल्लं ते आईला कळवायची कुणालाही गरज नाही.

आज आमच्यासोबत या एक-स्टारवाल्याची आई होती. काकूंच्या गळ्यात माळ आहे. त्यांच्यासाठी कोबी, मशरूम आणि टोफूची उकडलेली डंपलिंग मागवली, त्यांनी चार खाल्ली आणि उठून काचेपाशी जाऊन उभ्या राहिल्या. दहा मिनिटं. मग मला हाक मारली, 'बघ गं, मध्ये जाड ठेवतायत. आपल्या सुनांना सांगून सांगून थकले मी.' लाटणाऱ्या बाईने मान वर केली. हसलीबिसली नाही. काचेच्या फटीतून लाटणं काकूंच्या हातात दिलं, एक गोळी पुढे सरकवली. काकूंनी आपल्या पद्धतीने दोन्ही हातांनी लाटायला घेतलं तर तिने त्यांच्या डाव्या हातावर चापट मारली, चक्क चापट, आणि पारीची कड त्या हातात धरायला लावली. काकू अशा हसल्या की आठही टेबलांनी वळून पाहिलं. मुलगा तेव्हा बाहेर पार्किंगवरून फोनवर कुणाशी तरी भांडत होता, त्याने यातलं काही पाहिलं नाही.

स्टेशनला येताना काकूंनी मेन स्ट्रीटवरच्या भांड्यांच्या दुकानातून तसलं लाटणं घेतलं. घासाघीस करायचा प्रयत्न केला, दुकानदारीण 'नो' म्हणाली, काकूंनी पैसे दिले. दोघीही खूश दिसल्या.

एवढं टाईप करेपर्यंत मेसेज आलाय. 'आई नवीन लाटण्याने पुऱ्या लाटतेय, जेवायला ये.'

येते. आणि तो एक स्टार अजून तिथे असेल तर पुऱ्या खाता खाता काकूंना वाचून दाखवते.