मडगावच्या आमच्या भाड्याच्या गाड्यांविषयीच्या तक्रारीला उत्तर

स. न. वि. वि.

आपला अभिप्राय वाचला. दिवसाला १,८०० रुपये भाडे सांगून शेवटी बरेच जास्त घेतले, पेट्रोलचे पैसे कापले, ओरखड्याच्या नावाखाली अनामतीतून १,२०० रुपये वळते केले आणि आपल्या मित्राला मात्र तशीच गाडी दिवसाला १,२०० रुपयांत मिळाली, अशी आपली तक्रार आहे.

सगळ्यात मोठी चूक आमचीच आहे. विमानतळावर गाडी मिळेल का, असे आपण फोनवर विचारलेत आणि आमच्या माणसाने "हो, मिळेल" एवढेच सांगितले. कोणत्या विमानतळावर, हे त्याने विचारलेच नाही. गोव्यात जानेवारी २०२३पासून दोन विमानतळ चालू आहेत, एक दाबोळीला आणि दुसरा पार उत्तरेला, पेडणे तालुक्यात मोपाला. आपला मुक्काम गोव्याच्या दक्षिण टोकाला, काणकोणात, पाळोळ्याला. मोपाचे तिकीट माणशी ७०० रुपयांनी स्वस्त पडले म्हणून आपण चौघांचे २,८०० रुपये वाचवलेत, पण दाबोळीला गाडी पोहोचवायचे आम्ही ५०० घेतो आणि मोपाला १,५००, कारण तिथे गाडी नेऊन देणाऱ्या माणसाला मडगावला परत आणायला दुसरी गाडी पाठवावी लागते. जाता-येता मिळून २,००० तिथेच जादा गेले, शिवाय दाबोळीहून पाळोळे साठेक किलोमीटर, तर मोपाहून जवळजवळ शंभर, म्हणजे जाता-येता वरच्या ऐंशी किलोमीटरचे पेट्रोल वेगळे. हा हिशेब तिकीट काढण्यापूर्वी आपल्यापुढे मांडला असता, तर आपण दाबोळीचेच विमान घेतले असते. ज्यांचा मुक्काम उत्तरेला मांद्रे-हरमलकडे आहे त्यांच्यासाठी मात्र मोपाच सोयीचे, आणि त्यांनी गाडीही म्हापसा-पेडण्याकडचीच घ्यावी, असे मी स्वतः सांगतो.

ओरखड्याचे म्हणाल, तर गाडी ताब्यात देताना काढलेले चित्रीकरण मी काल पुन्हा पाहिले. रात्रीची वेळ, पार्किंगमधला एकच दिवा, आणि मागचा डावा बंपर पूर्ण अंधारात. ओरखडा आधीचा नव्हता असे त्यावरून मला सिद्ध करता येत नाही, तेव्हा ते पैसे कापायला नको होते. पेट्रोलच्या काट्याच्या फोटोत मात्र देताना पाच रेघा आणि परत घेताना तीन स्पष्ट दिसतात, त्यामुळे ती रक्कम परत करता येणार नाही.

मित्राच्या गाडीबद्दल आवर्जून लिहितो. आपण नंबरप्लेटचा रंग पाहिला होता का? स्वतः चालवायला भाड्याने देण्याचा परवाना असलेल्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने देणे बेकायदा आहे. ती स्वस्त पडते, कारण परवान्याचा आणि व्यावसायिक विम्याचा खर्च तिच्या मालकाने केलेलाच नसतो, आणि अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. कुटुंब सोबत असताना दिवसाचे ६०० रुपये वाचवण्यासाठी कुणी हा धोका पत्करू नये, असे मला मनापासून वाटते.

विमानतळ कोणता आणि मुक्काम कुठे, हे दोन प्रश्न यापुढे दर सांगण्याआधी विचारले जातील, आणि पोहोचवण्याचा खर्च भाड्याच्या शेजारीच लिहिला जाईल. पोहोचवण्यातील फरकाचे २,००० आणि ओरखड्याचे १,२०० असे ३,२०० रुपये आपण अनामत ज्या खात्यातून भरली होती, त्याच खात्यात आज जमा करत आहोत.

आपला,
गाड्यांचा मालक, मडगाव