‘पाणी येतंय ना?’ असं मला पुन्हा कुणी विचारू नका

गेल्या रविवारी गिझरवाल्या भाऊंनी कॉइल बाहेर ओढली आणि माझं डोकंच फिरलं. कॉइल दिसतच नव्हती. तिच्यावर अंगठ्याएवढा जाड, पिवळट पांढरा थर चढलेला. पान्यानं दोन ठोके दिले तशा चुनखडीसारख्या खपल्या उडाल्या. टाकी उपडी केली तर खाली धरलेल्या घमेल्याचा तळ झाकून गेला. दोन वर्षांत ही तिसरी कॉइल! भाऊ म्हणाले, "ताई, गिझरचा दोष नाही, पाण्याचा आहे." तो थर उष्णता पाण्यापर्यंत पोचू देत नाही. कॉइल आतल्या आत तापत राहते आणि एक दिवस जळते. तोवर वाढलेलं विजेचं बिल आमच्याच माथी.

आणि तक्रार करायला गेलं की उत्तर ठरलेलं. "पाणी येतंय ना?"

येतं हो. पण ते काय येतं ते येऊन बघा एकदा.

आमची वस्ती शहराच्या कडेला. आधी इथे कपाशी उभी असायची. शेत एन.ए. म्हणजे बिगरशेती झालं, प्लॉट पडले, विकणाऱ्यानं बोअर मारले, उंच टाकी बांधली, घरोघरी नळ दिले. "चोवीस तास पाणी" हे आम्हाला दहादा ऐकवलं, पाणी कसलं आहे ते एकदाही सांगितलं नाही. तो पैसे घेऊन मोकळा झाला. पहिले बोअर आटले, पुढचे आणखी खोल गेले आणि पाणी आणखी जड झालं. पावसाचं पाणी मऊच असतं. खडकातून मुरताना ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवून घेतं, आणि जितका काळ खडकात राहील तितकं जड होत जातं. हे शाळेत शिकलेलं मला माहीत आहे, मग टाकी बांधणाऱ्याला माहीत नव्हतं?

सासूबाई अमळनेरच्या. इथे राहायला आल्या त्या दिवशी साबण चोळून चोळून थकल्या आणि म्हणाल्या, "हाई पानी शे का चुना?" फेस येतच नाही. साबण पाण्यातल्या कॅल्शियमशी मिळून चिकट साय बनतो, तीच अंगावर, केसांत आणि बादलीच्या कडेला बसते. वडीच्या वडी झिजते आणि माणूस स्वच्छ होत नाही. मुलीचा शाळेचा पांढरा शर्ट दोन महिन्यांत राखेच्या रंगाचा होतो, टॉवेल पापडासारखे कडक. सासूबाईंनी तुरटी फिरवून पाहिली. तुरटीनं गढूळपणा खाली बसतो, विरघळलेले क्षार बसत नाहीत. उकळलं तर थोडे पातेल्याच्या बुडाला धरतात, बाकीचे तसेच राहतात.

स्वयंपाकघरात तर जीव नकोसा होतो. आमच्याकडे वरण-बट्टी करायची आणि तुरीची डाळ शिजेना! सात-सात शिट्ट्या झाल्या तरी दाणा वेगळाच. हे पाणी डाळीला मऊच पडू देत नाही. मग सोडा टाकायचा, म्हणजे चव गेली आणि डाळीतलं बी-वन जीवनसत्त्वही गेलं. शेवटी डाळीपुरतं पाणी 20 लिटरच्या जारमधून घेते. घरात नळ आहे, पाणीपट्टी भरते आणि वरणाला पाणी विकत आणते. कुणाला लाज वाटत नाही का याची?

आता उन्हाळ्याचं सांगते, कारण खरा संताप तिथे आहे. जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा कूलर ही चैन राहत नाही, घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा तो जीव असतो. कूलरमध्ये पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. आपण वरून पुन्हा तेच पाणी ओततो, म्हणजे टाकीतलं पाणी दिवसागणिक आणखीच जड होत जातं. पंधरा दिवसांत गवत काटक्यांसारखं कडक होतं, हात लावला की कोरडा भुगा पडतो. त्यातून वारा येत नाही, आला तर गरम. नंतर पंप अडकतो, आणि तोही नेमका दुपारी दोनला. मे महिन्यात सासरे ओला पंचा छातीवर टाकून बाजेवर पडले होते आणि मी फरशीवर बसून चाकूनं पंपाचा पंखा खरवडत होते. त्या दुपारी मला रडू आलं. ते दमल्याचं नव्हतं, रागाचं होतं.

या हालांवर धंदा करणारेही टपलेले. एक जण फिल्टर विकायला आला, दोन ग्लासांत सळया बुडवल्या, वीज सोडली. आमचं पाणी तपकिरी गाळासारखं झालं, त्याचं स्वच्छ राहिलं. सासूबाई घाबरल्या. अरे, तो गाळ त्या लोखंडी सळीचाच! क्षार असले की पाण्यातून वीज वाहते आणि लोखंड झिजून गंज उतरतो. त्याच्या पाण्यात क्षारच नाहीत म्हणून ते तसं राहतं. तरी शेवटी आरओ घ्यावाच लागला. आता एक लिटर प्यायला तीनेक लिटर मोरीत जातं, तेही या दुष्काळी मुलखात. त्या पाण्यानं फरशी पुसली तर वाळल्यावर पांढरे ओघळ.

म्हणून मी बाटलीत पाणी भरून प्रयोगशाळेत दिलं. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याची कठीणता, म्हणजे हाच जडपणा, लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत असावी. दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. आमचा आकडा त्या 600 च्याही वर निघाला. कागद घेऊन पाण्याचं बघणाऱ्या साहेबांकडे गेले. त्यांनी तो हातातही धरला नाही. "याने कुणी मरत नाही ताई. पाणी येतंय ना?"

मरत नाही म्हणून गप्प बसायचं? तिसरी कॉइल, दर उन्हाळ्याला कूलरचं नवं गवत, वर्षभराचे जार, आरओची जाळी, बसलेलं वॉशिंग मशीन, हे कुणाच्या खिशातून जातं? टाकीवर आकडा लिहून लावा. प्लॉट विकताना तो खरेदीखतासोबत द्यायला लावा. निदान प्यायला आणि रांधायला तरी धरणाचं पाणी द्या, बोअरच्या पाण्यात मिसळून दिलंत तरी जडपणा कमी होईल. दर पावसाळ्यात हतनूर धरणाचे 41 दरवाजे उघडल्याच्या बातम्या आम्ही वाचतो, तापी-गिरणेचे फोटो बघतो आणि मोरीत साबण घासत बसतो.

धरणाच्या पाण्याची पाइपलाइन मोठ्या रस्त्यापर्यंत आलेली आहे. तिथून आमची टाकी चारशे बारा पावलांवर आहे. मी चालून मोजली आहेत.