शरणपुराला जाणारा रस्ता

धैर्यावरचा उपदेश आपल्याकडे चर्चमध्ये हमखास बायबलमधल्या दानीएलाच्या सिंहांवर येऊन संपतो. मंडळी भारावतात, आमेन होतं, आणि सोमवारी सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणा एकट्यादुकट्यावर अन्याय होताना तीच मंडळी मान खाली घालून बसतात. पण दानीएलाचं पुस्तक नीट उघडून बघा. सिंह येतात सहाव्या अध्यायात. पहिल्या अध्यायात तो फक्त राजाच्या ताटातलं अन्न नाकारतो. एवढीशी गोष्ट. सवय तिथं लागली.

हे प्रत्यक्षात कसं चालतं ते बघायचं तर माझ्या मते फ्रान्समधलं ल शांबों हे गाव बघावं. डोंगरपठारावरचं, एकेकाळी छळ सोसलेल्या ह्युगेनॉट प्रोटेस्टंटांच्या वंशजांचं गाव. गावाची वस्ती पाचेक हजार, आजूबाजूच्या पठारावर आणखी चोवीस हजार. अमेरिकेतल्या होलोकॉस्ट स्मृती संग्रहालयाच्या अंदाजानुसार १९४० ते १९४४ या काळात इथं सुमारे ५००० जणांना नाझींपासून आसरा मिळाला, त्यातले तीन ते साडेतीन हजार ज्यू. गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकलेली असते. तिची यंत्रणा कुणी सांगत नाही.

फ्रान्सनं जर्मनीशी शस्त्रसंधी केली २२ जून १९४० ला. दुसऱ्या दिवशी रविवार. गावचे पाळक आंद्रे त्रोक्मे आणि एदुआर तेस यांनी व्यासपीठावरून सांगितलं, की जबरदस्ती झाली तर आत्म्याच्या शस्त्रांनी विरोध करायचा. ठीक आहे, असे उपदेश पुष्कळ होतात. फरक त्यानंतरच्या कामात आहे. त्रोक्मे दर पंधरवड्याला तेरा तरुणांना घेऊन बसत. एक शास्त्रभाग, त्यावर चर्चा, आणि मग तेरा जण तेरा वस्त्यांमध्ये आपापला गट चालवत. आपल्या भाषेत घरसभाच. पुढं निर्वासित येऊ लागले तेव्हा कुणाच्या माळ्यावर जागा आहे, कुणावर विसंबता येईल, निरोप कुणामार्फत धाडायचा, हे सगळं याच जाळ्यातून हललं. संकट आल्यावर समिती नेमायला बसले असते तर उशीर झाला असता.

दरम्यान छोटे नकार चालू होते. शाळेत जर्मनीशी जुळवून घेणाऱ्या मार्शल पेताँच्या राजवटीनं सक्तीची केलेली झेंड्याची सलामी टाळली. पेताँशी बिनशर्त निष्ठेच्या शपथपत्रावर सही केली नाही. ऑगस्ट १९४१ मध्ये सरकारी फर्मान आलं, चर्चची घंटा वाजवा. घंटा सांभाळणाऱ्या अमेली नावाच्या बाईनं ऐकलंच नाही. घंटा देवाची आहे, मार्शलची नाही, असं तिनं सुनावल्याचं सांगतात. या कशानेही एकही जीव वाचला नाही. पण 'नाही' म्हटल्यावर लगेच आभाळ कोसळत नाही, हे गावाला कळलं. ऑगस्ट १९४२ मध्ये पोलीस रिकाम्या बस घेऊन ज्यूंची यादी मागायला आले, तेव्हा हीच कमाई उपयोगी पडली. यादी मिळाली नाही. कित्येक दिवस घरं धुंडाळून हाती लागला एकच माणूस, आणि बसमध्ये एकट्या बसलेल्या त्या माणसासमोर गावकऱ्यांनी खाऊचा ढीग लावला.

चुकाही झाल्या, आणि त्या सांगायलाच हव्यात. पहिल्या हिवाळ्यात एक ज्यू बाई बर्फ तुडवत पाळकांच्या दारात आली. आंद्रे यांच्या पत्नी माग्दा त्रोक्मे यांनी तिला आत घेतलं आणि तिचे भिजलेले जोडे वाळवायला ओव्हनमध्ये ठेवले. ते जळले! टंचाईच्या दिवसांत माग्दाबाई जोडे शोधत गावभर फिरल्या. त्याहून मोठी चूक पुढची: बाईला कागदपत्रं मिळावीत म्हणून त्या सरळ नगराध्यक्षांकडे गेल्या. तिला गावाबाहेर काढा, असं उत्तर मिळालं. भलेपणा होता, गुप्तता नव्हती. यातून शिकून पुढं सगळी शिस्त बदलली. सरकारी माणसाला विचारायचं नाही. शेजारच्या घरात कोण आहे याची चौकशी करायची नाही. खोटी ओळखपत्रं आणि रेशनकार्डं आली. खोटं बोलावं लागतं याचा सल त्रोक्म्यांच्या मनातून गेला नाही. ज्यांना तो सल वाटतच नाही, त्यांच्या धैर्याची मला जरा भीती वाटते.

त्रोक्म्यांच्या डोक्यात शास्त्रातला एक भाग घट्ट बसला होता, बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा १९ वा अध्याय. निर्दोष रक्त सांडू नये म्हणून तोडून दिलेली शरणपुरं, म्हणजे पळून आलेल्याला आसरा देणारी नगरं. (नाशिकच्या शरणपूर रोडवरून जाणाऱ्यांसाठी: चर्च मिशनरी सोसायटीनं १८५४ मध्ये वसवलेल्या ज्या वस्तीचं नाव त्या रस्त्याला आहे, तिथं गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं राहिली, शिकली.) आपण हा भाग वाचतो तेव्हा तिसरं वचन घाईत ओलांडतो. शरणपूर नेमून भागत नाही, तिकडं जाणारा रस्ताही तयार करा, असं तिथं आहे. पळून येणारा दमलेला असतो, त्याला वाट शोधायला लावू नका. आपल्या मंडळीत नोकरी गेलेल्यानं, नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईनं रात्री अकरा वाजता कुणाला फोन करायचा? नाव ठरलंय का? खोली, चावी, दोन महिन्यांचं धान्य? याची उत्तरं नसतील तर त्या मंडळीनं धैर्यावरचे उपदेश तूर्त थांबवावेत.

आणि एवढं सगळं असूनही हमी नसते. २९ जून १९४३ ला गेस्टापोनं, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, तिथल्या विद्यार्थी वसतिगृहावर धाड घातली. मोठी मुलं, एकाच इमारतीत, नावं नोंदलेली. विखुरलेल्या शेतघरांसारखं संरक्षण त्यांना नव्हतं. वसतिगृहाची जबाबदारी त्रोक्म्यांचा नातलग डॅनियल याच्याकडे होती. त्या सकाळी तो दुसऱ्या घरी होता, जंगल मागंच होतं. तो मुलांबरोबर गेला. अठरा विद्यार्थ्यांसह त्याला अटक झाली. एप्रिल १९४४ मध्ये मायदानेकच्या छळछावणीत तो वारला.